लेडी पिमेंटोचं नवं गाणं

लॅसल्सने खुर्ची वळवली आणि म्हणाला, "आधी हे ऐक. मग तू तुझं चढव."

नॉर्डिया स्टुडिओतल्या सोफ्यावर बसली होती. पंखा गरम हवाच इकडून तिकडे सरकवत होता. ऑगस्टमधली किंग्स्टनची दुपार. बाहेर रस्त्यावर टॅक्सीवाले एकमेकांवर हॉर्न वाजवत होते, पण भिंतींना ठोकलेल्या जुन्या गालिच्यांमुळे ते उशीखालून आल्यासारखं ऐकू येत होतं.

लॅसल्स ठेके बनवायचा. नुसता ढोल, खालून बास, वर कीबोर्डचे दोन तुटक सूर. ठेक्याला नाव द्यायचा, आणि मग त्या एकाच ठेक्यावर आठ-दहा गायक आपापलं गाणं चढवायचे. डान्सहॉल संगीतात असंच चालतं. कापड एकच, शिवणारे वेगळे. नाचाच्या ठिकाणी ती सगळी गाणी एकामागून एक लागतात, ठेका न तोडता, आणि कोणाचं राहणार नि कोणाचं विसरणार हे लोक तिथल्या तिथे ठरवतात. या नव्या ठेक्याचं नाव होतं कोलपॉट. म्हणजे कोळशाची शेगडी, लॅसल्सच्या आजीकडे होती म्हणे तशी.

त्याने बटण दाबलं. गाण्याआधी एक श्वास ऐकू आला. आखूड, नाकाने घेतलेला, ओळ सुरू व्हायच्या अर्धा ठोका आधी.

नॉर्डियाने त्या श्वासावरूनच ओळखलं. तो तिनेच शिकवला होता. तोंडाने ओढलास तर माइकमध्ये वारा जातो, नाकाने घे, आणि ठोक्यावर घेऊ नकोस, ठोक्याच्या आधी घे. मागच्या अंगणात, कपडे वाळत घालताना शिकवला होता.

गाणं एका मुलीचं होतं. शनिवारी केस करून घेते आणि सोमवारपर्यंत नवऱ्यालासुद्धा हात लावू देत नाही. हसत हसत गायलेलं. शेवटच्या ओळीत आवाज वर चढला आणि तिथेच थांबला, शेल्फवर भांडं ठेवावं तसा. नॉर्डियालाही तो सूर लागायचा. पण आता लागला तरी टिकायचा नाही.

"कशी आहे?" लॅसल्सने विचारलं.

"बरी आहे."

"नुसती बरी?"

"कोवळी आहे. आवाज पिकायचाय अजून."

"पिकलं की खाली पडतं, नॉर्डिया," लॅसल्स म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला. "बरं, तू कधी येतेस? पुढच्या आठवड्यात ठेका बंद करायचाय मला."

"येते. शब्द अजून बसले नाहीयेत."

शब्द बसले नव्हते असं नव्हे. शब्दच नव्हते. आणि या वर्षी ते हवेच होते. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सेंट थॉमसच्या किनाऱ्यावर मिस्टर लिनचा मोठा कार्यक्रम असायचा. दुपारी सुरू व्हायचा आणि सूर्य बुडाला की परवानगी संपायची. सूर्य उतरताना, सगळ्यात शेवटी, गेली आठ वर्षं लेडी पिमेंटो गात आली होती. लेडी पिमेंटो म्हणजे नॉर्डिया पिनॉक. शेवटी गाणाऱ्याचं नाव पोस्टरवर सगळ्यात मोठं असतं आणि वर्षभराची बाकीची आमंत्रणं त्या अक्षरांच्या उंचीवर ठरतात. जुलैमध्ये मिस्टर लिनने फोन केला होता. "नॉर्डिया, तीन वर्षं तेच ते गातेयस. लोक टाळ्या वाजवतात, पण जागचे हलत नाहीत. नवीन काहीतरी आण, मग शेवटाचं बोलू."

आणि आता कोलपॉटवर पहिलं गाणं चढलं ते गिनेपचं.

गिनेपचं खरं नाव शेनेल. क्लॅरेंडनहून आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, हातात एक पिशवी आणि पायात भावाचे बूट. नॉर्डियाच्या मागे नाचायला लागली, मग मागून सूर द्यायला लागली. पाच वर्षं नॉर्डियाच्याच मागच्या खोलीत राहिली. गिनेप हे नावही नॉर्डियाच्या अंगणातच पडलं. पोरगी झाडावर चढून गिनेपच्या हिरव्या फळांचे झुबके काढायची आणि दातांनी साल फोडत दिवसभर चोखत बसायची. मग दोन वर्षांपूर्वी ईस्टरला, रिवाजाप्रमाणे बन आणि चीज घेऊन समोर आली आणि म्हणाली, "मिस नॉर्डिया, मला स्वतःचं करून बघायचंय. तुम्ही हो म्हणालात तरच."

नॉर्डिया हो म्हणाली होती. दुसरं काय म्हणणार? तिने काही चोरलं असतं, उलट बोलली असती, कोणाबरोबर पळून गेली असती, तर बरं झालं असतं. राग धरायला काहीतरी कोपरा मिळाला असता. तो बनसुद्धा चांगला होता, ताजा.

तेव्हापासून हाफ वे ट्रीला बस बदलताना नॉर्डिया भिंतीवरची पोस्टरं वाचायची. आधी स्वतःचं नाव शोधायची, मग तिचं, आणि मग दोन्हींतली उंची डोळ्यांनी मोजायची. रेडिओवर गिनेप लागली की बंद करायची आणि थोड्या वेळाने पुन्हा लावायची, संपलं का बघायला. संपलं नसेल तर उरलेलं ऐकायची. तिच्या नखांचा रंग कुठला, मागे नाचणाऱ्या मुली किती, माइक कुठल्या हातात धरते, हे सगळं नॉर्डियाला माहीत असायचं. स्वतःच्या बहिणीबद्दल तिला इतकं माहीत नव्हतं.

स्टुडिओतून त्या संध्याकाळी नॉर्डिया मिस इसिल्डाकडे गेली. मिस इसिल्डा तिचे स्टेजवरचे कपडे शिवायची. सत्तरीची बाई, तोंडात कायम टाचण्या. बोलायचं झालं तरी त्या काढायची नाही, ओठांच्या एका कडेला सरकवायची.

मशीनवर पिवळं कापड होतं. चमकदार, पिकल्या केळ्याच्या सालीसारखं. नॉर्डियाने ते उचललं आणि कमरेच्या शिवणीवर दोन बोटं ठेवली.

"हे कोणाचं?"

"तुला माहितेय कोणाचं."

"तुम्ही तिचंही शिवता?"

"माझ्याकडे मशीन आहे. जो कापड आणतो त्याचं शिवते. खाली ठेव, हाताचा घाम लागेल."

नॉर्डियाने कापड खाली ठेवलं. "कमर केवढीशी आहे."

"तुझीही होती. बस, कॉर्नमीलची लापशी आहे, खा."

लापशी खाता खाता नॉर्डियाने सगळं सांगितलं. कोलपॉट, ते केसांचं गाणं, मिस्टर लिन. मग म्हणाली, "मी तिच्यावरच चढवणार आहे. उत्तर."

मिस इसिल्डाने टाचण्या तोंडातून काढल्या. हे फार क्वचित व्हायचं.

"तिने तुला काय केलंय म्हणून उत्तर?"

"काही नाही."

"मग?"

"लोकांना भांडण आवडतं, मिस इसिल्डा. मागच्या वर्षी जी तीन गाणी चालली ती तिन्ही भांडणाचीच होती."

"ऐक माझं. भांडायचं तर वरच्याशी भांडावं. खालच्याचं नाव घेतलंस की तू त्याला शिडी लावून दिलीस, वर आणखी धरून उभी राहिलीस. तुझं नाव पहिल्यांदा कोणी घेतलं होतं, आठवतंय? म्हातारी डचेस. तुला कुत्रं विचारत नव्हतं तेव्हा. तिने स्टेजवरून तुला शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळं किंग्स्टन विचारायला लागलं, ही पिमेंटो कोण. आज डचेस कुठे आहे?"

"तिचं वय झालं होतं."

"तुझ्याएवढीच होती," मिस इसिल्डा म्हणाली आणि टाचण्या पुन्हा तोंडात घातल्या. "गा तुला गायचं ते. पण नाव घेऊ नकोस. हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस, पोरी."

नॉर्डियाने ते मानलं होतं. पुढच्या आठवड्यात ती स्टुडिओत गेली तेव्हा तिच्या गाण्यात नाव नव्हतं. एका हिरव्या फळाबद्दल होतं सगळं. ज्याला समजायचं त्याला समजलं असतं. तिने कानाला हेडफोन लावले, लॅसल्सने काचेपलीकडून बोट हलवलं, ठेका सुरू झाला.

दोन ओळी नीट गेल्या. तिसऱ्या ओळीला ढोलाचे दोन ठोके रिकामे होते. कोलपॉटची खुबीच ती. दोन कोरडे ठोके, मागे बाससुद्धा नाही. तिथे तिने 'हिरवं फळ' घातलं होतं. ते बसत नव्हतं, अक्षरं जास्त होत होती. तिने पुन्हा म्हणून बघितलं, ओढून म्हटलं, तोडून म्हटलं. काचेपलीकडे लॅसल्स फोनमध्ये बघत होता. त्याच्या मागच्या पडद्यावर आधीच्या गाण्यातल्या आवाजाची रेघ तशीच दिसत होती, गिनेपचं नाव वर लिहिलेलं. शेवटच्या सुरापाशी ती रेघ जाड आणि सरळ होती, कुठेही न थरथरणारी.

नॉर्डियाने श्वास घेतला आणि म्हटलं:

"गिनेप, गिनेप, साल फोडली, गर कुठाय?
गिनेप, गिनेप, बीच सगळं, चव कुठाय?"

गि-नेप. दोन ठोके, दोन तुकडे. हातोडा खिळ्यावर पडावा तसं.

लॅसल्सने फोन खाली ठेवला. त्याने ठेका थांबवला नाही. ती पूर्ण गायली, एका दमात, गेल्या कित्येक वर्षांत गायली नव्हती तशी. आवाज घशातून येतच नव्हता. तो बरगड्यांच्या खालून कुठूनतरी वर येत होता आणि कडवटपणा त्याला धार लावत होता. संपल्यावर तिने हेडफोन काढून गळ्यात अडकवले.

"नाव काढायचं का?" लॅसल्सने विचारलं. त्याचा आवाज फार सभ्य झाला होता. "काढू शकतो. तिथे नुसता ढोल ठेवू."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? तुझं गाणं आहे. पण तिथे नुसता ढोल ठेवला तर गाणं उरत नाही, एवढं खरं."

"ठेव," नॉर्डिया म्हणाली.

पंधरा दिवसांत गाणं सगळीकडे झालं. टॅक्सीत, न्हाव्याकडे, माशांच्या टपरीवर. सिग्नलला गिनेपचे झुबके विकणाऱ्या बायका गाडीच्या काचेशी वाकून तेच म्हणायच्या. शाळेतली पोरं निळ्या गणवेशात रस्ता ओलांडताना एकमेकांना म्हणायची. एकजण "गिनेप, गिनेप" म्हणायचा आणि बाकीचे "कुठाय?" ओरडायचे. बस थांब्यावर एका माणसाने नॉर्डियाला ओळखलं आणि टोपी काढून छातीशी धरली. "क्वीन," तो म्हणाला. फार दिवसांनी कोणीतरी म्हणालं होतं.

ती खूश होती. दोन आठवडे अगदी मनापासून खूश होती. आणि ती उत्तराची वाट बघत होती. गिनेप उत्तर देणारच. द्यावंच लागतं, नाहीतर लोक भित्री म्हणतात. ती काय म्हणेल याचाही नॉर्डियाने विचार केला होता. वयावर बोलेल, गुडघ्यावर बोलेल, त्या न टिकणाऱ्या सुरावर बोलेल. त्या प्रत्येकाचं प्रत्युत्तर तयार होतं. दोन कडवी तर तिने आंघोळ करताना म्हणूनही बघितली होती. फार झोंबरी होती.

उत्तर आलं नाही. सप्टेंबर गेला. मग एका सकाळी रेडिओवर गिनेपची मुलाखत लागली. नॉर्डिया ओट्याशी अ‍ॅकी या फळाच्या बिया निवडत होती. तिने रेडिओ बंद केला नाही.

"तर गिनेप," निवेदक म्हणाला, "लेडी पिमेंटोने तुला चांगलंच सोललंय. सगळा देश वाट बघतोय. केव्हा घेतेस समाचार?"

"कोणाचा? मिस नॉर्डियाचा?" गिनेप हसली. "अहो, मी त्यांच्या घरचं खाऊन मोठी झालेय. आणि गाणं मस्त आहे. मी भांडी घासताना तेच म्हणते."

"म्हणजे तुला राग नाही आला?"

"आधी आला. मग आई म्हणाली, तुझं नाव घेतलंय ना, नीट उच्चारलंय ना, मग रडतेस कशाला?"

निवेदक खो खो हसला. मग तो म्हणाला, "ऐकलंत मंडळी? काय पोरगी आहे." आणि त्याने गाणं लावलं. नॉर्डियाचं नव्हे, केसांचं.

नॉर्डियाने अ‍ॅकीची एक बी चिमटीत धरली होती. काळी, गुळगुळीत, डोळ्यासारखी. ती किती वेळ धरून बसली होती ते तिला नंतरही सांगता आलं नसतं. समोरच्या बाईला शिवी देता येत नाही तेव्हा ती सगळी आपल्याच तोंडात राहते, आणि तिची चव काही जात नाही.

त्यानंतर लोक नॉर्डियाला भेटले की गिनेपबद्दल विचारायचे. बँकेतली मुलगी, पाद्री, भाजीवाली. "ती खरंच तुमच्या घरी राहायची?" "लहानपणी कशी होती?" "तिला सांगाल का माझ्या मुलीला ती फार आवडते म्हणून?" हाफ वे ट्रीच्या भिंतीवर दोन्ही नावं एका उंचीची झाली, आणि मग नोव्हेंबरमध्ये एक दिवस एका उंचीची राहिली नाहीत.

डिसेंबरमध्ये, सोरेलच्या फुलांचा काढा गॅसवर उकळत असताना मिस्टर लिनचा फोन आला.

"नॉर्डिया, या वर्षी तू हवीसच. ते गाणं झाल्याशिवाय लोक मला घरी जाऊ देणार नाहीत."

"शेवट माझा?"

तिकडे मिस्टर लिनने घसा खाकरला. "असं बघ. तू ते गाणं म्हणणार. लोक पेटणार. तिचं नाव सगळ्यांच्या तोंडी. आणि मग ती येणार. आपोआप जमून येतंय. मी कितीही डोकं चालवलं असतं तरी याच्याहून चांगलं मला सुचलं नसतं."

"म्हणजे मी तिला बोलवायला गायचं."

"असं कशाला म्हणतेस?"

"मग कसं म्हणू, मिस्टर लिन?"

"शेवटच्या आधी म्हण," तो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता.

ती नाही म्हणू शकली असती. पण नाही म्हटलं की त्या दिवशी घरी बसून सूर्य उतरताना बघावा लागला असता, आणि तिकडे किनाऱ्यावर गिनेप कुठल्या ओळीत असेल याचा हिशेब आपोआप मनात चालू झाला असता. ते तिला सहन झालं नसतं. तिने जांभळा पोशाख शिवून घेतला. टाचण्या लावताना मिस इसिल्डाने आधी दिलेल्या सल्ल्याचा उल्लेखही केला नाही, आणि नॉर्डियाला त्याचाच जास्त राग आला.

नव्या वर्षाच्या दुपारी किनारा भरून गेला होता. बकऱ्याच्या रश्श्याचं पातेलं स्टेजमागे चुलीवर होतं. गिनेप एका उलट्या क्रेटवर बसून कपातून रस्सा पीत होती, पिवळ्या पोशाखावर सांडू नये म्हणून मांडीवर वर्तमानपत्र पसरून. नॉर्डियाला बघून ती उठली.

"हॅपी न्यू इयर, मिस नॉर्डिया. गुडघा कसा आहे?"

"आहे तसाच."

"त्या पायऱ्या डगमगतात. डाव्या बाजूने चढा."

"मी आठ वर्षं चढतेय त्या."

"हो ना," गिनेप म्हणाली. मग जरा थांबून, "मी इथून ऐकणार आहे. तुमच्या सगळ्या ओळी पाठ आहेत मला."

"माहितेय. रेडिओवर ऐकलं."

गिनेपने कपात बघितलं. काहीतरी म्हणावंसं तिला वाटलं असावं, पण तेवढ्यात नॉर्डियाचं नाव पुकारलं गेलं.

नॉर्डिया उजव्या बाजूने चढली.

आधी तिने जुनी तीन गाणी म्हटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नीट, ओळीत, चर्चमध्ये वाजवाव्यात तशा. एक बाई पाठ करून पॅटी खात होती. मग तिने फिट्झरॉयकडे बघितलं. तो तिचा ढोलवाला, पहिल्या दिवसापासूनचा. त्याने कोलपॉटचे दोन कोरडे ठोके वाजवले.

किनारा उठला. तिने तोंड उघडायच्या आत हजारो माणसं म्हणाली, "गिनेप, गिनेप!" भोंगे वाजले, कोणी घरून आणलेली पातेल्यांची झाकणं एकमेकांवर आपटली, लाकडी फळ्यांवर हात पडले. लोकांना गाणं भिडलं की ते असं करतात, आणि मग गाणाऱ्याने गाणं मध्येच थांबवून पहिल्यापासून सुरू करायचं असतं. पुल-अप, म्हणजे गाणं मागे ओढणं. तो लोकांचा हक्क. चांगल्या दिवशी एक मिळतो. नॉर्डियाला शेवटचा कधी मिळाला होता ते तिला आठवत नव्हतं.

तिने हात वर केला. फिट्झरॉय थांबला. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या कडव्याला पुन्हा झाकणं वाजली. पुन्हा हात.

तिसऱ्यांदा सुरू करताना तिने पश्चिमेकडे बघितलं. सूर्य नारळांच्या शेंड्यांच्या खाली आला होता. स्टेजच्या बाजूला मिस्टर लिन उभा होता आणि आधी तिच्याकडे, मग सूर्याकडे बोट दाखवत होता. जनरेटरपाशी पोलिसांचा साहेब खुर्ची टाकून बसला होता. पायरीच्या तळाशी पिवळं काहीतरी हलत होतं. ठेक्यावर, एका पायावरून दुसऱ्या पायावर. ओठ हलत होते. श्वास ठोक्याच्या आधी.

नॉर्डिया गायली. "साल फोडली, गर कुठाय?" तिने माइक लोकांकडे धरला. लोक ओरडले, "कुठाय?" आणि हसले. त्या हसण्यात काहीच विखार नव्हता. जत्रेत हरवलेलं आपलंच लाडकं पोर शोधावं तसं ते विचारत होते. तिने ज्यात सुरी ठेवली होती त्यात त्यांनी फुलं घालून ठेवली होती.

गाणं शेवटाकडे आलं. लोक नाचत होते, पण झाकणं वाजत नव्हती. कोणी मागितलं नव्हतं. नॉर्डियाने हात वर केला.

फिट्झरॉयने काठ्या अर्ध्यावर धरल्या आणि तिच्याकडे बघितलं. गाणारा स्वतःचं गाणं स्वतः ओढत नाही. वाढदिवसाला स्वतःच स्वतःसाठी टाळ्या वाजवाव्यात तसं ते. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"पुन्हा," ती माइक बाजूला करून म्हणाली.

"नॉर्डिया, कोणी मागितलं नाही."

"मागतील. वाजव."

त्याने वाजवलं. आणि लोकांनी खरंच मागितलं. दोन ठोक्यांवर ते नाव आलं की त्यांना थांबताच येत नव्हतं. एकदा, आणखी एकदा. मिस्टर लिन आता दोन्ही हात हलवत होता. नॉर्डियाने त्याच्याकडे पाठ केली. तिच्या घशात जळजळत होतं, गुडघा ठणकत होता, आणि प्रत्येक वेळी ते नाव तिला आधीपेक्षा मोठ्याने म्हणावं लागत होतं, कारण लोक आधीपेक्षा मोठ्याने म्हणत होते. गिनेप, गिनेप. सूर्य लाल झाला, चपटा झाला, आणि गेला.

साहेब खुर्चीतून उठला. स्पीकर बंद पडले. लोक तरीही म्हणत राहिले, नुसत्या गळ्याने.

पायऱ्यांच्या तळाशी गिनेप तशीच उभी होती. पोशाखावर एकही सुरकुती नव्हती.

"दोन वेळा समजू शकते मी, मिस नॉर्डिया," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "पण तिसऱ्यांदा कोणी मागितलं नव्हतं, तुम्ही स्वतः ओढलंत."

"लोक ओरडत होते."

"हो. मी ऐकलं काय ओरडत होते ते."

"मग तक्रार कसली?"

गिनेप स्टेजकडे बघत होती, रिकाम्या माइककडे, आणि तिच्या जबड्याचा स्नायू हलत होता. नॉर्डियाला तो स्नायू चांगला ओळखीचा होता. तिच्या अंगातून एक ऊबदार लाट गेली, उपाशीपोटी रमचा घोट जावा तशी. शेवट कोणी केला? लेडी पिमेंटोने केला. सलग नववं वर्ष. मिस्टर लिन येऊन काय बोलायचं ते बोलला. ती मान हलवत राहिली. तिने त्यातलं निम्मंही ऐकलं नाही.

ती लाट व्हॅनपर्यंत टिकली.

रस्ता माणसांनी भरला होता. सगळे बसकडे चालले होते, चपला हातात, मुलं खांद्यावर. व्हॅन मुंगीच्या वेगाने पुढे सरकत होती आणि चहूबाजूंनी तेच चाललं होतं. एका टोकाकडून दोनदा नाव, दुसऱ्या टोकाकडून "कुठाय?" नॉर्डियाने काच वर केली नव्हती, घामाने अंग चिकट झालं होतं. एक बाई मुलीचा हात धरून शेजारून चालत होती. तिने आत डोकावून बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. तिने मुलीला पुढे ओढलं.

"बघ, बघ कोण आहे. ती गिनेपवाली बाई."

मुलीने टाचा उंचावून व्हॅनच्या आत बघितलं. आधी नॉर्डियाला, मग तिच्या शेजारची रिकामी जागा, मग मागची सीट.

"आणि गिनेप?" तिने विचारलं. "ती कुठंय?"

फिट्झरॉयने पुढच्या सीटवरून आरशात बघितलं. नॉर्डियाने मुलीकडे बघितलं. पाच-सहा वर्षांची असेल. केसांत पिवळे मणी ओवले होते.

"ती मागून येतेय," नॉर्डिया म्हणाली. "थांब इथेच. दिसेल."